प्रेमानंदचा पिंजरा

प्रेमानंद गजभिये मला कधीच आवडला नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचे मी त्याची आरती ओवाळायला बसले आहे. सक्करदऱ्याला त्याचे ग्रिलचे दुकान. छत्तीस वर्षे गणित शिकवून मी निवृत्त झाले, तेव्हा घराच्या खिडक्यांना जाळ्या त्याच्याकडूनच करून घेतल्या. माप घेताना मी एक शब्द बोलले, तर म्हणाला, "म्याडम, तुमी गणित शिकवलं, मी लोखंड कापतो. व्हा बरं तिकडं." असा फटकळ. गिऱ्हाईक आपला वेळ खायला आलेले आहे, अशाच नजरेने तो माणसाकडे बघायचा.

पण पिंजरे बनवण्यात त्याचा हात धरणारा मी पाहिला नाही. सुरुवात गांधीबागेतल्या कापडाच्या गोदामांतून झाली. घुशी गठ्ठे कुरतडायच्या आणि विष घातले की कुठल्या तरी गठ्ठ्यामागे मरून सडायच्या. प्रेमानंदने जिवंत पकडणारा पिंजरा केला. पुढे मुंगूस, उदमांजर आणि शेवटी वानर. वानराचा पिंजरा चार फूट लांब, तीन फूट उंच. मागच्या टोकाला पत्र्याची पाटी. तिच्यावर पाय पडला की तार सुटते, दार वरून खाली येते आणि बाहेरच्या अंगाला खटका बसतो. तो दोन बोटांनी दाबून दार वर ओढायचे, आणि तेही फक्त बाहेरूनच जमते. दाराच्या खालच्या कडेला सायकलच्या ट्यूबचे रबर, कारण शेपटी सापडली तरी तुटता कामा नये. नवीन दार बसवले की तो आधी स्वतःचा हात खाली धरून ते सोडायचा. हात शाबूत राहिला तरच पिंजरा दुकानाबाहेर जायचा.

आता आमच्या कॉलनीबद्दल. माणसे तशी सुशिक्षित, म्हणजे भांडताना इंग्रजीत भांडतात. गेल्या उन्हाळ्यात कळपातून हाकललेला एक हुप्या वानर इथे मुक्कामाला आला. गच्चीवरच्या कुरडया फस्त, कूलरचे पाइप उपटलेले. तोवर सगळे हसत होते. मग त्याने सोसायटीचे अध्यक्ष मनोहरराव यांच्या पोटरीचा लचका तोडला आणि हसणे थांबले. मनोहररावांनी दोन वेल्डिंगवाल्यांना विचारले. दोघांनीही कानाला हात लावले, मारुतीला आपण कोंडत नसतो म्हणाले. तेव्हा मनोहरराव सभेत सगळ्यांदेखत म्हणाले, "तो गजभिये आहे नं? बोलवा त्याले. त्याच्या आजानं छप्पन साली दीक्षा घेतली. त्याले कायचं पाप?"

सभेतले पंचवीस जण हसले. मला राग आला. पण तो मी पदराच्या गाठीत बांधून घरी नेला, हेही खरे.

प्रेमानंदने वनविभागाकडून स्वतःच्या नावावर परवानगी आणली. अट अशी की जनावराला किंवा माणसाला इजा झाली, तर ही परवानगी रद्द आणि पुढे कधीच मिळणार नाही. ग्रिलच्या धंद्यात आता राम उरला नव्हता, त्याचे घर पिंजऱ्यांवर चालत होते. मनोहररावांच्या गच्चीवर त्याने पिंजरा मांडला. दोन दिवस दार बांधून ठेवून आत नुसते शेंगदाणे टाकले, म्हणजे हुप्याची भीती मोडावी. तिसऱ्या दिवशी दार मोकळे केले आणि घरच्यांना बजावले, "सापडला का पिंजऱ्यावर पोतं टाका, मले फोन करा अन् खाली उतरा. कोणी जवळ जाचं नाही." चुकून शेजारचे मांजर अडकले तर काय करायचे, म्हणून खटका कसा उघडायचा तेही दाखवले. मनोहरराव फोनवर होते. त्यांच्या बायकोने, रुखमाबाईंनी, नीट बघून घेतले.

हुप्या सापडला, आणि नेमका शनिवारी सकाळी. माझी गच्ची समोरच आहे, मी पापड वाळत घालत होते. ज्या लोकांनी त्याला दगड मारले होते, तेच तासाभरात तेलाची वाटी आणि शेंदूर घेऊन जिना चढले. पोते ओढून फेकले. जाळीतून काठीला फडके बांधून त्या जनावराला शेंदूर फासला. कोणी नारळ फोडला, कोणी घंटी वाजवायला लागले. ते बिचारे जीव खाऊन जाळीला धडका देत होते आणि हे डोळे मिटून हात जोडून उभे! प्रेमानंदला फोन करायचे कोणाला सुचले नाही. शेवटी रुखमाबाई रुईच्या पानांचा हार घेऊन पुढे झाल्या. हार जाळीतून जाईना. त्यांनी दोन बोटांनी खटका दाबला आणि दार वीतभर वर केले.

पुढचे सांगायला नको. हुप्या त्यांच्या हाताला कडकडून चावला आणि झाडावर पसार झाला.

सोमवारी दुपारी वनविभागाचा अधिकारी प्रेमानंदला घेऊन मनोहररावांच्या गच्चीवर चौकशीला आला, आम्ही सगळे तिथे जमलो होतो. तोवर कॉलनीचे सगळे पाठ झाले होते: खटका ढिला होता, दार आपोआप उघडले, आम्ही कोणी हातही लावला नाही. मनोहरराव तर वर म्हणाले, "अशा मानसाले परवानगी देताच कशी जी तुमी?"

अधिकाऱ्याने सगळ्यांकडे पाहून विचारले, "कोणी प्रत्यक्ष पाहिलं का?" त्याची नजर माझ्यावरूनही फिरली. मी चपलांकडे बघत राहिले. रुखमाबाई शेजारी, रोजची उठबस. आणि त्या गजभियेसाठी कॉलनीशी वैर कोण घेणार, हाच विचार माझ्या डोक्यात होता.

प्रेमानंद कोणाशी वाद घालत बसला नाही. चपला काढल्या, गुडघ्यांवर टेकला आणि स्वतःच पिंजऱ्यात शिरला. आतून पाटी दाबली. दार धाडकन खाली आले. मग पन्नाशी ओलांडलेला तो माणूस पाठीवर आडवा होऊन दोन्ही पायांनी दाराला लाथा मारायला लागला. दहा, बारा, पंधरा. खटका हलला नाही.

"पाहलं साहेब?" तो धापा टाकत म्हणाला. "आता ज्यानं शनिवारी उघडलं, त्यानंच उघडावं."

"आमाले काय माहीत कसं उघडते ते!" मनोहरराव म्हणाले.

अधिकारी हाताची घडी घालून उभा राहिला. मे महिन्यातली दुपारची गच्ची, पायाला चटके बसत होते. पिंजऱ्याचे लोखंड किती तापले असेल, देव जाणे. एकाने मोबाइल काढून शूटिंग सुरू केले. एक जण म्हणाला, शेंगदाणे टाका रे. आणि हसले, पुन्हा सगळे हसले! प्रेमानंद गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, मानेवरून घाम गळत होता. खटका माझ्यापासून चार पावलांवर होता. तो कसा उघडतो हे मला चांगले ठाऊक होते.

उघडला रुखमाबाईंनी. उजव्या हाताला पट्टी, म्हणून डाव्या हाताच्या दोन बोटांनी. एका झटक्यात, न चाचपडता. "मीच उघडलं होतं, साहेब," त्या म्हणाल्या. "हार घालाचा होता."

"तुले कोनं बोलाले लावलं वं?" मनोहरराव ओरडले. पण अधिकाऱ्याने ते लिहून घेतले होते. प्रेमानंदची परवानगी राहिली.

एकेक करून माणसे जिना उतरली. पिंजरा उचलायलाही कोणी थांबले नाही. त्याने एकट्याने तो फरफटत खाली आणला आणि टेंपोत चढवला. मी धावत घरी गेले, माठातले पाणी पेल्यात भरून फाटकाशी आले. मला वाटले, निदान एवढे तरी.

त्याने पेल्याकडे पाहिले, मग समोरच्या माझ्या गच्चीकडे. पापडाची चादर अजून तिथेच होती.

"शनिवारी तुमी वर होत्या नं, म्याडम?"

"होते," मी म्हणाले.

"अन् आज?"

छत्तीस वर्षे मुलांना उभे करून उत्तरे विचारणाऱ्या मी भर रस्त्यात नुसता पेला त्याच्यापुढे केला आणि मला स्वतःची किळस आली.

"पाणी राहू द्या," तो म्हणाला. "मी दुकानात जाऊन पितो."

त्याने टेंपो सुरू केला आणि निघून गेला.