सगळ्यांच्या पुढे मी

दुधनीच्या चढावर तिसऱ्यांदा दम लागला तशी मी दगडावर बसले. पायवाट एका माणसापुरतीच, दोन्हीकडे झाडी. माझ्यामागे आमच्या टोकरखाड्याच्या कॉलनीची अख्खी रांग खोळंबली. मी मनातल्या मनात नाम घेतलं, पण ते तोंडातून बाहेर पडलंच.

"बेन, देवाला चढावरच बोलावता. उताराला त्याला सुट्टी काय?" नथू म्हणाला.

नथू टोपल्या विणायचा. ही त्र्याण्णवची गोष्ट, भाद्रपदातली. आम्ही कारखान्यांतली मंडळी रविवारी धरणाचं पाणी बघायला यायचो, तेव्हा हा आम्हाला बांबूच्या बेटापर्यंत न्यायचा. नियम सगळे त्याचेच. एका घराला एक टोपली. तिचा बांबू ज्याचा त्यानं खांद्यावर आणायचा. जेवण त्याच्या बायकोच्या, कोंडाबाईच्या हातचं, नागलीची भाकरी नि उडदाची डाळ. त्याच्या पाड्यातली टोपल्या करणारी चारही घरं या बेटावर नि या रविवारांवर जगत होती. तिथली माणसं अजून कारखान्याच्या पाळीला गेली नव्हती.

"वहिनी, साइड द्या ना!" मागून श्रीकांतसाहेब ओरडले. हे आमच्या ह्यांचे मॅनेजर, गळ्यात कॅमेरा.

मी ओशाळून बाजूला सरकू लागले, तर नथू आडवा आला. "नको बेन. पुढं तुम्हीच."

मला बरं वाटलं. मान देतोय म्हटलं.

बेटापाशी नथू एकेका बांबूवर टिचकी मारत गेला. "हा बालवाडीत. हा सातवीला. हा लग्नाचा झाला, हा तोडू."

तेवढ्यात साहेब म्हणाले, "नथू, दिवाळीला दोनशे टोपल्या कर. सगळ्या स्टाफला वाटू."

"आणि पुढल्या दिवाळीला काय वाटाल? माझं टक्कल?"

आम्ही सगळे हसलो. नथू हसला नाही. त्यानं खाली चिरडलेले कोंभ दाखवले. "गेल्या रविवारी तुम्ही फोटोला पळालात. हे सात गेले. म्हणजे तीन वर्षांनी सात बांबू नाहीत. बेट संपलं की आम्ही चार घरं तुमच्याच गेटावर उभी, साहेब."

साहेबांनी बूट मागं घेतले. मग हळूच म्हणाले, "वीस?"

"वीस होतील. बाकीच्या पुढं दर दिवाळीला थोड्या थोड्या."

परतताना साहेबांनी बांबू स्वतः उचलला. त्याचं टोक माझ्या अंबाड्याला तीनदा लागलं. दर वेळी "सॉरी वहिनी."

उतार संपताना वाघदेवाच्या दगडाला मी हात जोडले. नथू जवळ आला.

"बेन, एक मागू?"

मला वाटलं, कुणाच्या नोकरीसाठी ह्यांच्याकडे शब्द टाकायला सांगेल.

"गेल्या रविवारी तुम्ही नव्हता. आज बघा, एक कोंभ मोडला नाही. तुम्ही पुढं असलात की कुणाला पळताच येत नाही. दर रविवारी या. आणि बेन, उगा जोर लावू नका, अशाच हळू चाला."