मोझांबिकची खळी

ज्योतीरामकाकांचा दिवस रहाटणीत उजाडायचा, पण सरायचा मोझांबिकमध्ये. तिसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकी उघडली की हाताच्या अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, आणि भिंतीवर कुणाच्या तरी न्हाणीघराचा पाइप. त्या पाइपाकडे बघत बसण्यापेक्षा दूरदेशीच्या एका नदीकाठाकडे वरून बघत बसलेलं बरं, असं त्यांना वाटू लागलं होतं.

काका मूळचे लातूरकडचे. तरुणपणी इकडे आले, आधी भोसरीला आणि मग चाकणला कारखान्यात प्रेसवर उभे राहिले ते रिटायर होईपर्यंत. प्रेसच्या धाडधाडीत बोलून उपयोग नसतो, त्यामुळे कमी बोलायची सवय लागली ती लागलीच. घरात बोलायचं काम त्यांच्या बायकोचं, अंबूबाईंचं होतं. त्या गेल्या आणि घरात एकच माणूस उरला, तोही न बोलणारा. मुलगी योगिनी सांगलीला दिलेली. ती फोनवर विचारायची, जेवलात का? हे म्हणायचे, जेवलो. मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसायची आणि ठेवून द्यायची.

सोसायटीच्या हॉलबाहेर एकदा कागद लागला होता: पूरग्रस्तांना घरबसल्या मदत. काका आत जाऊन मागच्या खुर्चीवर बसले. कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या तनुजा मॅडम समजावून सांगत होत्या. जगात कितीतरी गावं अशी आहेत की ती कुठल्याच नकाशावर नाहीत. तिथे पूर आला की मदतवाल्यांना कळत नाही, होड्या घेऊन जायचं कुठे. मग वरून काढलेले फोटो सगळ्यांना मोकळे करून देतात, आणि देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून त्या फोटोंवर एकेक घर रेखतात. एकानं रेखायचं, दुसऱ्या देशातल्या कुणीतरी ते तपासायचं. झाला नकाशा. तो कुणीही फुकट वापरावा.

काकांनी भीत भीत विचारलं, की हा नकाशा कुणाच्या मालकीचा?

“कुणाच्याच नाही, काका. सगळ्यांचा आहे.”

बांधावरून भावाभावांची डोकी फुटलेली बघितलेल्या माणसाला हे खरं वाटायला वेळ लागला. पण योगिनीचा जुना लॅपटॉप घरात पडून होता, आणि वेळ तर काय, पडूनच होता. दोन-तीन रविवारांत काका शिकले.

मोझांबिकमध्ये नदीला पूर आला होता. तिथल्या नदीकाठाचे चौकोन पाडून जगभर वाटून दिले होते. फोटो पुराच्या आधीचे, कोरड्या दिवसांतले. छपराच्या कडेनं रेघ ओढायची, चौकोन संपला की ‘पूर्ण’ म्हणून कळ दाबायची. काकांचे चौकोन तपासायला यायचे ते एस्टोनिया नावाच्या देशातल्या एका बाईकडे. हा देश कुठे आहे हे त्यांनी नकाशातच शोधलं. बाईंचं नाव मारे. त्यांचा एखाद-दुसऱ्या ओळीचा शेरा यायचा. सुप्रभात. छपरं नीट काढली आहेत. धन्यवाद. फोन त्याचं मराठी करून द्यायचा. काका ते वाचायचे, चहा ठेवायचे, आणि चहा पिताना पुन्हा वाचायचे. दिवसभरात त्यांच्याशी मुद्दाम कुणी बोललेलं तेवढंच असायचं.

ही गंमत पिंटूला कळली. पिंटू खालच्या मजल्यावरचा, रहाटणीच्या जुन्या घराण्यातला. ही इमारत त्याच्याच वडिलांच्या शेतावर उभी. त्याची पोरं कॉलेजला जायला लागली तरी गाव त्याला पिंटूच म्हणायचं. जिन्यात भेटला की तो काकांना सोडायचा नाही.

“काका, हितं आमी एक खोली वाढवली तर शास्तीकर लागतोय, आन् तुमी तिकडं रोज घरं उठवताय. तेबी बिनपरवाना.” आणि जाता जाता, “मारेबाईनं आज मारलं का सोडलं?”

“सोडलं,” काका म्हणायचे. त्यांना हसू यायचं.

एके दिवशी नदीच्या वरच्या अंगाचा भाग त्यांच्या वाट्याला आला. चौकोनी घरं थोडीच होती. बाकी सगळीकडे, शेतांच्या कडेला, फिकट रंगाचे गोल. प्रत्येक गोलाच्या बरोबर मध्ये एक गडद ठिपका, आणि भोवती तुडवून गुळगुळीत झालेली जमीन. काका थबकले. ही तर मळणीची खळी. मधला ठिपका म्हणजे मेढ, रोवलेला खांब, तिच्याभोवती बैल फिरून फिरून पडलेलं रिंगण. त्यांच्या वडिलांचं खळं अगदी असंच होतं. पावसाळा सरला की जमीन चोपायची, शेणानं सारवायची, मेढ रोवायची, आणि मग रात्री राखणीला तिथेच झोपायचं.

खळं काही घर नव्हे. काकांनी गोल तसेच सोडले आणि मोजकी चौकोनी घरं रेखून ‘पूर्ण’ केलं. तसा एक चौकोन झाला, दुसरा झाला, त्या काठाचे बरेच झाले. एका गावात इतकी खळी बघून त्यांना बरं वाटलं. म्हणजे पीकपाणी चांगलं असणार. त्या रात्री योगिनीला त्यांनी आपणहून फोन केला आणि सांगितलं, तिकडंही खळी असतात गं, आपल्यासारखीच. वडील आपणहून काही सांगतात याचंच तिला इतकं नवल वाटलं, की ती नुसती हो हो म्हणत राहिली.

मारेबाई त्या आठवड्यात कुठे होत्या कोण जाणे, त्यांचा शेरा आला नाही. नंतर आला तो सगळे चौकोन परत घेऊनच. गोल आहेत ती माणसांची घरं आहेत. गवताची छपरं, वर शेंडा. एकही रेखलेलं नाही. कृपया पुन्हा पाहावं.

काकांनी फोटो मोठा केला. आता डोळ्यांना दिसायला लागलं. फोटो भर दुपारचा होता, त्यामुळे सावली कशीबशी, पण होती. मेढ वाटली होती तो छपराचा शेंडा होता. सारवलेली जमीन म्हणजे अंगण. एकदा दिसल्यावर खळं पुन्हा दिसेना, किती डोळे ताणले तरी.

ते तडक तनुजा मॅडमच्या घरी गेले. दारातच उभे राहिले, आत येईनात. त्यांना एवढंच हवं होतं की हा नकाशा अजून कुणी नेला नाही असं कुणीतरी म्हणावं. मॅडमनी खोटं सांगितलं नाही. नकाशा रोजच्या रोज उतरवून घेतात, त्या म्हणाल्या, ‘पूर्ण’ म्हटलेला चौकोन होडीवाले पूर्णच धरतात. मग काकांचा चेहरा बघून त्यांनी जोडलं, की चुका सगळ्यांच्याच होतात, म्हणून तर दुसऱ्याकडून तपासून घेतो.

“पण मधल्या दिवसांत तिथं कुणीच राहत नव्हतं की, मॅडम,” काका म्हणाले. “म्या म्हणलं म्हणून.”

आणि ते दारातूनच परत फिरले.

जिन्यात पिंटू भेटला आणि त्यानं नेहमीचं विचारलं. काका म्हणाले, “मारलं.” त्यांचा आवाज ऐकून पिंटू बाजूला झाला. वाट देत म्हणाला, “काका, जेवायला खाली या. मटण हाय.” काका गेले नाहीत.

पुढचे काही दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. परत आलेले चौकोन तर केलेच, पण आधी मंजूर झालेलेही पुन्हा उघडून बघितले. गोलाच्या कडेनं ठिपके द्यायचे, कळ दाबली की गोल पुरा व्हायचा. प्रत्येक गोल पुरा झाला की वाटायचं, आत्ता कुठे हे घर झालं, आणि पाणी तर कधीच येऊन गेलं.

मारेबाईंना काय वाटलं असेल, हे त्यांना जास्त सलत होतं. आळशी माणूस, काम उरकून मोकळा झाला, असं वाटलं असणार. शेवटी त्यांनी धीर करून लिहिलं. फोनमध्ये मराठीत लिहिलं, त्यानं इंग्रजी करून दिलं, काकांनी ते धाडून दिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. तुम्हाला घरं म्हणजे गोंद वाटला असं तुम्ही लिहिलं आहे. मला कळलं नाही. गोंद का?

काकांना आधी कळेना. मग ध्यानात आलं, फोननं खळ्याची खळ केली होती, पुस्तकांच्या बांधणीत लावतात ती. काका मोठ्यानं हसले. रिकाम्या खोलीत आपलाच आवाज ऐकून ते ओशाळले आणि उगाच उठून पाणी पिऊन आले.

मग कंपनीत कानावर पडलेलं मोडकंतोडकं इंग्रजी गोळा करून त्यांनी स्वतःच लिहिलं. गोल जमीन. मध्ये खांब. बैल फिरतो, दाणा सुटतो. माझ्या वडिलांची होती. मला वाटलं तीच आहे. माफ करा. आणि खाली, बराच वेळ बोट अडखळल्यावर, ती माणसं वाचली का?

मारेबाईंनी लिहिलं की त्यांच्याकडे हे काम कोठारात, छपराखाली व्हायचं, थंडी फार म्हणून. आता त्यांना समजलं. मग त्यांनी लिहिलं: “ती माणसं वाचली का ते मला माहीत नाही. आपल्याला कळवत नाहीत. सुरुवातीला मी विचारायचे.”

काकांनी ते मराठीत वाचलं, मग इंग्रजीत वाचलं. फोननं काही चुकवलेलं नव्हतं.

काही आठवड्यांनी त्याच काठाचे पुरानंतरचे फोटो आले. कामाची सक्ती कुणावर नव्हती, पण तो भाग काकांनीच मागून घेतला. वरच्या अंगाची वस्ती शोधायला त्यांना वेळ लागला, कारण शेतांच्या कडा राहिल्या नव्हत्या, सगळीकडे एकच तांबूस गाळ. काही गोल होते. काहींच्या जागी नुसता ओला डाग होता. आणि मागच्या उंचवट्यावर, जिथे आधी झुडपांशिवाय काही नव्हतं, तिथे निळे तुकडे दिसत होते. पावसाळ्यात आपल्याकडे पत्र्यावर टाकतात तसला निळा कागद, काठ्यांवर ताणलेला.

तो कुणी आणून दिला होता की त्यांचा त्यांनीच कुठून मिळवला होता, हे वरून कळायला मार्ग नव्हता. सूचनेत लिहिलं होतं की पक्की घरं तेवढीच रेखावीत, तात्पुरता आडोसा रेखू नये. काकांनी सूचना पुन्हा वाचली. मग एकेक निळा तुकडा कडेकडेनं रेखला. शेऱ्याच्या जागी त्यांनी इंग्रजीत लिहिलं, माणसं असतील, आणि ‘पूर्ण’ची कळ दाबली. परत आलं तर येऊ दे. पुन्हा करून पाठवू.

दुसऱ्या दिवशी दुपारी चौकोन मंजूर होऊन आला. मारेबाईंनी एक अक्षर लिहिलं नव्हतं. काकांनी शेरा कुठे खाली राहिला आहे का म्हणून सगळीकडे बघितलं. मग नकाशा उघडला. त्यांचे निळे आडोसे जिथल्या तिथे होते, एकही काढून टाकलेला नव्हता. उलट उंचवट्याच्या पलीकडच्या अंगाला, झाडाच्या आडोशाला, त्यांच्या नजरेतून सुटलेले दोन तुकडे बाईंनी स्वतः रेखून ठेवले होते.

काका त्या दोन तुकड्यांकडे बघत बसले. त्यांच्याखाली कोण होतं, किंवा होतं की नव्हतं, ते वरून दिसत नव्हतं.