मी चावलेला नान

आमच्या गल्लीत सात दुकानं, दोन कॉफीच्या जागा आणि एक कलादालन आहे. कलादालन माझं. पूर्वी तिथे एक म्हातारा किल्ल्या बनवायचा. तो गेल्यावर मी भिंतींना चुना फासला, तीन दिवे टांगले, दारावर पाटी ठोकली आणि स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायला लागलो. सुट्टीच्या दिवशी ताश्कंदच्या नव्या वस्त्यांमधली पोरंपोरी गल्ली हिंडायला येतात. कुंभाराकडे वाट्या उलट्या करून बघतात, जुन्या तबकड्यांच्या दुकानात उभ्याउभ्या एखादं गाणं ऐकतात, लोबारच्या दुकानात कॉफी पितात, आणि पाय दुखायला लागले की माझ्याकडे येतात. माझ्याकडे बाक आहे.

पण गल्लीची खरी माहिती मुअज्जम खालाला. कोपऱ्यावर तिचा तंदूर. सकाळी लहान मुलांची जुनी ढकलगाडी घेऊन ती निघते. गाडीत बाळाऐवजी दुलईत गुंडाळलेले गरम नान. कुंभाराला दोन, तबकडीवाल्याला एक, लोबारला बारा. कुठल्या दुकानात कुणाचं कुणाशी बिनसलंय, कुणाची भट्टी पेटत नाही, कुणाचं लग्न जुळतंय, हे नान देता देता तिला कळतं. साठी उलटलेली, समोरचे दोन दात सोन्याचे, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतलं मांजरही दचकावं. मला ती रोज एक नान देते आणि रोज विचारते, "काय रे संजार, आज तरी काही केलंस का?"

त्या वसंतात मी खरंच काहीतरी केलं होतं. प्रदर्शनाचं नाव 'प्रस्थान'. मधल्या भिंतीवर एक खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला टांगलेला नान, आणि त्या नानाचा एक घास घेतलेला. आमच्याकडे कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की नानाचा एक घास खाऊन निघतं. उरलेला नान घरचे भिंतीला टांगतात, आणि माणूस परत आला की त्यानेच तो संपवायचा. मी विचार केला, याच्याइतकं अर्थपूर्ण दुसरं काय असणार? बेचाळीस वर्षांत मी स्वतः ताश्कंदबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी. गाडी लागते मला. घासाचा आकार मनासारखा यावा म्हणून तीन नान चावले, पहिले दोन खाऊन टाकले. कलेसाठी मी सोसलेलं दुःख म्हणाल तर एवढंच.

दुसऱ्या दिवशी खाला नान द्यायला आत आली आणि भिंतीसमोर थबकली. दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवून पुटपुटत दुआ मागितली. मग चष्मा लावून जवळ गेली.

"हा वाकडा दात तर तुझाच!"

"हो खाला, पण ते त्या अर्थाने..."

"निघालास होय? आणि मला सांगितलं नाहीस? कुठे?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या कलाकृतीसमोर डोळ्यांत पाणी आणून उभं होतं. मी म्हणालो, "बघू, अजून ठरतंय."

झालं. दुपारपर्यंत गल्लीभर बोभाटा. कुंभाराने वाटेत चहा प्यायला एक प्याला दिला. तबकडीवाल्याने मिठी मारली. लोबारने आठवडाभर फुकट कॉफी पाजली, आणि मी निर्लज्जासारखा प्यायलो. महिना झाला तरी मी आपला बाकावर बसलेलो. लोक आता माझ्याकडे बघून खाकरायला लागले.

"तुझं प्रस्थान गुडघेदुखीने अडलंय का?" लोबारने सगळ्यांसमोर विचारलं.

त्याच आठवड्यात बाहेरदेशीची एक बाई गल्ली हिंडता हिंडता माझ्याकडे शिरली. नानासमोर ती बराच वेळ उभी राहिली. तिला तो विकत हवा होता, दोरीखिळ्यासकट. शुक्रवारी दुपारी न्यायला येते म्हणाली. दालन उघडल्यापासून माझी एकही वस्तू विकली गेली नव्हती. मी इतका हरखलो की धावत जाऊन पहिल्यांदा खालालाच सांगितलं. यावरून माझी अक्कल ओळखा.

ती तंदुरात वाकली होती. सावकाश सरळ झाली.

"विकणार? माणूस परत यायच्या आत?"

"खाला, कुणी गेलेलंच नाही. ती नुसती कल्पना आहे."

"कल्पना तुझी. नान माझा आहे," ती म्हणाली. एरवी ओरडणारी बाई हळू बोलली तेव्हा माझी पाचावर धारण बसली. तिने मला घरात नेलं. दाराच्या वरच्या बाजूला पांढऱ्या फडक्यात एक नान टांगलेला. तिचा मुलगा बहरोम सहा वर्षांपूर्वी कामासाठी कोरियाला गेला, त्याचा. दर ईदला तो म्हणतो, पुढच्या वर्षी येतो. फडकं उघडून तिने मला दाखवलं. नान दगडासारखा झाला होता.

"शेजारीण म्हणते, किडे होतील, टाकून दे. मी म्हणते, नान घरातून गेला तर पोर कशाच्या ओढीने येईल? आणि तू इथे न जाताच चावतोस, आणि न येताच विकतोस?"

फार लाज वाटली. पण खरं सांगायचं, तर लाज वाटत असतानाही शुक्रवार डोळ्यांपुढून हलत नव्हता.

मार्ग लोबारने काढला. "समरकंदला जाऊन ये. आगगाडीने दोन तास. गेलास, आलास, खालाचंही समाधान." मला हे फारच पटलं. मी मनात आणखी एक डाव रचला: परत आल्यावर कडेचा एवढासा तुकडा कुरतडायचा, बाकीचा नान बाईला द्यायचा. घास थोडा मोठा दिसला तर कलेचं काय बिघडतं!

गुरुवारी निघालो. खाला गल्लीच्या तोंडापर्यंत आली, बजावलं, "समरकंदचा तो नावाजलेला नान घेऊन आलास तर गल्लीत पाय ठेवू नकोस." गाडीत दोनदा ओकलो. समरकंदमध्ये स्टेशनाजवळच्या खोलीत आडवा झालो आणि छत बघून आलो. शुक्रवारी सकाळच्या गाडीने परत.

गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे. पुढे खाला, नवा रुमाल बांधून. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. माझ्या आईनंतर हे कुणी केलं नव्हतं. दालनात गेलो तर खिळा रिकामा. बाकावर मोठा वाडगा, त्यात ऊन ऊन चहा, आणि माझा नान तुकडे करून भिजवलेला.

"खा."

"सगळा?"

"मग काय, अर्धाच आलास?"

मी खायला बसलो. महिनाभर टांगलेला नान, वर चुन्याचा वास. खाला समोर बसून एकेक घास बघत होती. दारात ती बाहेरदेशीची बाई आली, खिळ्याकडे बघितलं, वाडग्याकडे बघितलं, आणि गुपचूप निघून गेली. मी मान वर केली, तर खाला म्हणाली, "बघतोस काय, तळाशी आहे अजून." तळाशी होतं तेही खाल्लं.

तिने वाडगा हातात घेतला, आत बोट फिरवून बघितलं. मग म्हणाली, "बहरोमने घास मोठा घेतला होता. फार उरलेला नाही. त्याला जड जाणार नाही." आणि रुमालाआड रडायला लागली. लोबारने दार लोटून घेतलं. मी खालाचा हात धरून बसलो.

दुसऱ्या सकाळी ढकलगाडी दारात थांबली. खालाने ताजा नान माझ्यापुढे धरला.

"चाव."

"आता कशाला?"

"बुखारा जरा लांब आहे. जाऊन ये."

मी चावला. त्यानंतर खिवा झालं, फरगणा झालं. दर महिन्याला मी कुठेतरी जाऊन ओकून येतो. परतीच्या दिवशी खाला तासभर आधी रस्त्यावर येऊन उभी राहते, येणाऱ्या प्रत्येक गाडीत डोकावून बघते. ती कुणाला शोधते ते मला ठाऊक आहे. मी उतरतो, पिशवी खांद्यावर टाकतो आणि लांबूनच हात हलवतो.