डाग्नीचं बारसं

आमच्या वरच्या फ्लॅटमधल्या नागपूरकराला आजवर कुणी नीट टेकून बसलेलं पाहिलं असेल, तर त्यानं येऊन मला सांगावं, मी त्याला पुरणपोळीचं जेवण घालीन. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमध्ये आम्ही इतकी वर्षं शेजारी, पण हा माणूस चहा उभ्यानं प्यायला, ऑफिसच्या मीटिंगा त्यानं जिन्यात फिरत केल्या, आणि बसमधून स्टॉप यायच्या आधीच उतरून उरलेली वाट चालत गेला. विचारलं तर म्हणायचा, "बस सिग्नलले थांबून राहते न ताई, मले नाही सोसत." रविवारी दुपारी आमच्या डोक्यावर घरघर झाली की समजावं, साहेबांनी सोफा हलवायला घेतला. त्याची बायको बाहेरून आली की आधी दिवा लावायची आणि आज सोफा कुठे आहे ते बघून मगच बसायची.

तिला दिवस गेले तेव्हा तर तो जिन्यातच राहायला आला म्हणा ना. आधीचं एक बाळ पाचव्या महिन्यात पोटातच गेलं होतं, त्यामुळे कुणी काही बोलत नसे. एकदा मीच त्याला घरात ओढून पोहे दिले, तर ताटली हातात घेऊन खिडकीपासून फ्रीजपर्यंत फेऱ्या मारत सांगायला लागला. ऑफिसात नॉर्वेची कोणी बाई होती, तिच्या आजीचं नाव डाग्नी. "त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेत डाग म्हणजे दिवस, नी म्हणजे नवा. नवा दिवस. तो 'नी' आपल्या 'नव'चा चुलतभाऊच आहे ताई, मी शोधून काढलं."

मी म्हटलं, "अरे, आपल्याकडे डागणी म्हणजे तापल्या सळईचा चटका. उषा ठेव, प्रभा ठेव. मराठीत काय नावांचा दुष्काळ पडलाय?"

"उषा रोजचीच येते न," तो म्हणाला. "मले नवा दिवस पाहिजे." पोहे तसेच टाकून तो वर गेला. मला फार वाईट वाटलं, पण नाव काही पटलं नाही.

मग काय, गावभर दवंडी. कचऱ्याच्या गाडीवाल्यांना, मिडवाइफला, पार्सल घेऊन आलेल्या माणसाला, सगळ्यांना डाग्नीचा अर्थ कळला. इंग्रज मंडळी सभ्य, "हाउ लव्हली" म्हणून सुटायची. मुलगी झाली, सुखरूप झाली, आणि नागपूरहून त्याच्या आईचा फोन आला. तिला ऐकू आलं ते एवढंच, की मुलानं नातीला डाग म्हटलंय. "काहून बे, पोरीले जन्मल्याबरोबर डाग लावून राहिला? मी नाही येत तुझ्या बारशाले." गुडघ्यांमुळे विमानात बसणं तिला जमणार नव्हतंच. येणार होती ती फोनवर, आणि आता तो फोनही ती उचलेना. नागपूरकराचा चेहरा एवढासा झाला. मला म्हणाला, "आई नाहीच म्हणाली तर बदलतो नाव. पण मग पोरीले काय म्हणून हाक मारू, ते सुचत नाही."

बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून आत्या मी. ज्या नावाला महिनोन्‌महिने नावं ठेवली, ते ठेवायची पाळी माझ्यावरच आली. धुण्याच्या बास्केटला झालर लावून आम्ही पाळणा केला, चौघी जमल्या, आणि तो आईला फोन लावत राहिला. अगदी शेवटी तिनं उचलला. पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं. मी वाकून 'कुर्रर्र' केलं, बायकांनी हौसेनं पाठीत धपाटे घातले, आणि मी नाव सांगितलं.

"मोठ्यानं सांगा बाई, मले आलं नाही ऐकू," आई म्हणाली.

मी सांगितलं, डाग्नी.

"म्हणजे ठेवलंच," आई म्हणाली. मग पुढे बोलली, "माझ्या लग्नात माझ्या अंगावर एक डाग नव्हता सोन्याचा. तुझे बाबा म्हणत, पुढच्या वर्षी करू. राहूनच गेला." तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. "दाखव बरं माझा डाग."

मी रडले, सरळ सांगते. नागपूरकर तर फोन घेऊन खोलीभर फिरायला लागला, आणि आई तिकडून ओरडत होती, "अबे, एका जागी थांब न, पोरगी दिसू दे."

पुढे त्याला मँचेस्टरला नोकरी लागली आणि ते गेले. आता दुपारी डोक्यावर घरघर नाही, झोप छान लागेल, पण झोपावंसं वाटत नाही. डाग्नी शाळेत जायला लागली आहे, फोनवर तोडक्या मराठीत "आत्या, मी आला" म्हणते. येत्या डिसेंबरात ती पहिल्यांदा नागपूरला निघालीय, त्यामुळे बापाचे मला दिवसातून तीन तीन फोन. काल म्हणाला, "ताई, आईची नजर कमी झाली आता. ओळखेल न तिले?"

"अरे, हातात घेतलं की ओळखेल," मी म्हटलं. पोरगी आजीला ओळखेल का, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.