जीपमध्ये रंग भरा

"तोंड थोडं उघडं ठेव," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे खरं वाटेल."

मी ठेवलं.

गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात, जिल्हाभरातून आलेल्या प्राथमिक शिक्षकांसमोर, मी चटईवर मांडी घालून बसले होते. मी रसायनशास्त्रात एमएस्सी आहे. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र होतं. मॅडमनी तेही काढून घेतलं.

"सोमीच्या गळ्यात कार्ड कुठलं गं?"

सभागृह हसलं.

सोमी म्हणजे मी. मॅडम आमच्या संस्थेच्या प्रमुख. ही संस्था पहिली ते चौथीच्या मुलांसाठी भाषा आणि परिसर अभ्यासाचे पाठ तयार करते. पाठ लवचीक असावा, म्हणजे एकाच वर्गातल्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या मुलांना तो एकाच वेळी घेता यावा, हे आमचं काम. पाठ लिहून झाला की प्रशिक्षणात त्याचा सराव होतो. एक जण शिक्षक होतो, बाकीचे विद्यार्थी. पहिल्या गटाची हुशार मुलगी केतकी व्हायची. केतकी शहरात, कॉलेज रोडला राहते. तिसऱ्या गटाची मुलगी, सोमी, मी व्हायचे. मी डोंगरातल्या सुरगाण्याची.

"तुला तयारीच नको," मॅडम म्हणाल्या होत्या. "तुझ्यात ते नैसर्गिक आहे."

सोमीने काय करायचं, ते ठरलेलं होतं. चित्र समोर आलं की गप्प बसायचं. दुसऱ्यांदा विचारलं की डोकं खाजवायचं. तिसऱ्यांदा एकच शब्द बोलायचा, तोही आमच्याकडच्या बोलीत. मग मॅडम टाळ्या वाजवायच्या आणि माझ्या हातात रंगखडू द्यायच्या. शिक्षकही टाळ्या वाजवायचे.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत निफाडकडच्या एक शिक्षिका मुद्दाम जवळ आल्या. "फार छान केलंत हो ताई. अगदी आमच्या वर्गात येतात ना त्या मजुरांच्या पोरी, डिट्टो." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. मी त्यांचे आभार मानले.

हळूहळू ते नाव कार्यालयातही आलं. "सोमी, चहा घेतलास का?" "सोमीला विचारा, तिला केमिस्ट्रीपण येते!" मीही हसायचे. पुढच्या वर्षी चौथीच्या पाठांचा संपूर्ण संच कोणाकडे जाणार, हे मॅडम ठरवणार होत्या, आणि "तुझा विचार चालू आहे" असं त्यांनी मला सांगून ठेवलं होतं. मला तो संच हवा होता. इतर कशाहूनही जास्त हवा होता. त्याचं कारण सांगते.

ज्या पाठावर हे सगळं चालायचं, तो पाठ माझा होता. चौथीचा. एका डोंगरी गावातली माणसं दिवाळीनंतर जीपमध्ये बसून द्राक्षबागांच्या कामाला जातात, त्याची ही गोष्ट. घरात म्हातारी माणसं आणि काही मुलं उरतात. पावसाच्या तोंडावर सगळे परततात. गोष्ट संपते आणि प्रश्न येतो : या माणसांना गाव सोडून का जावं लागलं?

मी प्रयोगशाळेत शिकले आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, ही तिथली पहिली शिस्त. पाठाला मी तीच लावली. मुलं वेगवेगळ्या ठिकाणी उभी असतात, हे खरं आहे. म्हणून वाट बदलायची. पहिला गट गोष्ट स्वतः वाचेल आणि उत्तर लिहील. दुसरा गट शिक्षकांबरोबर वाचेल आणि दिलेल्या वाक्यांतून कारणं निवडेल. तिसरा गट गोष्ट ऐकेल, चित्रं क्रमाने लावेल आणि आपल्या बोलीत सांगेल. प्रश्न मात्र तिघांना तोच. वाट बदलेल, प्रश्न बदलणार नाही. माझ्या सगळ्या मांडणीचा कणा एवढाच होता.

मॅडमनी पाठ वाचला. "सुंदर आहे," म्हणाल्या. मग तिसऱ्या गटाच्या पानावरचा प्रश्न खोडला आणि तिथे लिहिलं : जीपमध्ये रंग भरा.

मी विचारलं, "मॅडम, प्रश्न का काढला?"

"अगं, त्यांना झेपणार नाही. वाचता येत नाही त्या पोरांना, आणि तू कारणमीमांसा विचारतेस? त्यांना यशाचा आनंद मिळू दे ना."

"पण बोलून सांगायचं आहे. वाचायचं नाहीच."

"बोलतील काय? तू फार आदर्शवादी आहेस, बाळा."

ज्यांच्यावर गोष्ट होती, नेमका त्यांच्याच पानावरून प्रश्न गेला. जीपमध्ये कधीही न बसलेली मुलं जीप का निघाली यावर विचार करणार होती. जीपमध्ये बसून आलेली मुलं तिला रंग देणार होती. मी पान तसंच पुढे पाठवलं. संच हातात आला की प्रश्न परत आणता येईल, असा माझा हिशेब होता. तोपर्यंत सोमी व्हायचं.

त्यातल्या एका प्रशिक्षणाचा व्हिडिओ संस्थेने शिक्षकांच्या गटांवर पाठवला. तिथून तो आमच्या तालुक्यात गेला आणि कोणीतरी माझ्या आईला, आमच्या बोलीत आयला, दाखवला.

मी घरी गेले तेव्हा आय नागलीच्या भाकरी करत होती. शेजारच्या पोरीचा मोबाइल तिने मागून आणला आणि माझ्यासमोर धरला. चटईवर मी, डोकं खाजवणारी.

"ही कोन आहा?"

"मीच ना, आय. नाटक असतं ते. वर्गातली एक पोर केली मी."

"कठली पोर?"

"आपल्याकडची."

आयने व्हिडिओ पुन्हा पाहिला. हसण्याचा आवाज आला तेव्हा तिने मोबाइल जरासा लांब धरला.

"आपली पोरां अशी नीहीत," ती म्हणाली. "तू त लय बडबड करं."

बस. एवढंच. रागावली नाही. भाकरी उलटली आणि मला वाढलं.

मी बडबड करायचे, हे मी विसरले होते. माझी आय दरवर्षी दिंडोरीच्या द्राक्षबागांत जायची. मी आश्रमशाळेत असायचे. जीप वळणाआड गेली की मी भेटेल त्याला विचारायचे, ती का जाते? आपल्याकडे भात पिकतो, तरी का जाते? बागवाल्याची आई कुठे जाते? शाळेत हे मला कोणी विचारलं नाही. गुरुजी पाढे घ्यायचे. मी पाढ्यांत हुशार निघाले, मग गणितात, मग रसायनात, आणि प्रत्येक इयत्तेबरोबर तो प्रश्न माझ्यात थोडा थोडा मिटत गेला. मी तो पाठ मुलांसाठी लिहिला असं समजत होते. वास्तविक मला लहानपणी जे कोणी विचारलं नाही, ते मी कागदावर आणलं होतं. तेच मॅडमच्या एका रेघेने गेलं. आणि त्या रेघेचं प्रात्यक्षिक मीच करून दाखवत होते.

पुढच्या प्रशिक्षणाला मी गेले. चटईवर बसले. ओळखपत्र काढून दिलं. मॅडमनी चित्र दाखवलं.

"सोमी, बाळा, चित्रात काय आहे?"

मी ताठ बसले. पहिल्याच वेळी बोलले.

"जीप आहा. हिच्यात माझी आय जाहा. द्राक्षाच्या मळ्यात. ती का जाहा, तां मला इचारा ना, मॅडम."

सभागृह खदखदून हसलं. टाळ्या पडल्या. मागून एक गुरुजी म्हणाले, "वा! आज जास्तच रंगलीय!"

माझा नकार त्यांना अभिनय वाटला. आजही आठवतं ते हेच. इतके दिवस मी त्यांना खोटं दाखवलं, ते त्यांनी खरं मानलं. त्या दिवशी खरं बोलले, तर त्यांनी त्याला नाटक म्हणून दाद दिली.

मॅडमनी रंगखडू पुढे केला. मी घेतला नाही. उभी राहिले.

"मी अभिनय करत नाही," मी म्हणाले. "हा पाठ मी लिहिला आहे. तिसऱ्या गटाच्या पानावर एक प्रश्न होता. तो काढलेला आहे. या मुलांना बोलता येत नाही, असं तुम्हाला माझ्याकडून दाखवलं गेलं. ते खोटं आहे. मी पुन्हा ते करणार नाही."

कोणी हसलं नाही. कोणी टाळीही वाजवली नाही. निफाडच्या त्या शिक्षिका याही वेळी आल्या होत्या. त्यांनी मान खाली घालून वहीत काहीतरी लिहायला घेतलं.

"चला, दहा मिनिटं चहा," मॅडम म्हणाल्या.

आतल्या खोलीत त्या शांतच होत्या. "तू भावनिक झालीस. विज्ञानाची मुलगी ना तू? तुझ्याकडून हे अपेक्षित नव्हतं. मी तुला किती पुढे आणलं."

"प्रश्न परत घ्या, मॅडम. एवढंच मागते."

"पुस्तिका छापायला गेली. त्यावर तुझंही नाव आहे, हे विसरू नकोस."

"नाव काढा."

त्यांनी माझं ओळखपत्र माझ्या हातात दिलं. "बरं. सोमी आता केतकी करेल. तुझे व्हिडिओ आहेत, बघून जमेल तिला."

मी राजीनामा दिला. चौथीचा संच केतकीकडे गेला. पुस्तिका माझ्या नावाशिवाय शाळांत पोहोचली, सुरगाण्यातही. दिवाळी झाली की जीपगाड्या निघतील, आणि मागे राहिलेली मुलं वर्गात जीपला लाल-पिवळा रंग देतील. तो रंग चांगला झाला म्हणून बाई त्यांच्या हातावर तारा काढतील. हे मला थांबवता आलं नाही. त्याचं दुःख रोज माझ्याबरोबर असतं. ते मला कमी करायचंही नाही.

आता दुपारी पेठ रोडच्या एका क्लासमध्ये अकरावीला रसायन शिकवते आणि उरलेल्या वेळात पाठ लिहिते. चौथीचे, माझे. त्यांत तीन गट आहेत, कारण मुलं एका जागी उभी नसतात. वाटा तीन आहेत. प्रत्येक वाटेच्या टोकाला तोच प्रश्न आहे, पूर्ण, एकही शब्द कमी न करता. हे कोणी छापलं नाही तर मी फळ्यावर लिहीन. फळा नसेल तिथे तोंडी विचारीन, बागेच्या बांधावर, ज्या बोलीत ते मूल बोलतं त्या बोलीत. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत त्याच्यासमोरून उठणार नाही.