उघडून बघा, मग नवीन घेऊ

सोलापुरातून पुण्याच्या रस्त्याला लागलं की मोहोळच्या अलीकडे आमचं लॉन आहे. लॉन म्हणजे लग्नाचं. एक स्टेज, स्वयंपाकाची शेड, वधूवरांच्या दोन खोल्या आणि मधे हिरवळ. आमच्या भागात हिरवळ राखणं म्हणजे रोज उन्हाशी भांडण. बोअरचं पाणी पुरवून पुरवून वापरावं लागतं. पण लग्न ठरवायला आलेली माणसं स्टेज बघत नाहीत, आधी चपला काढून गवतावर चालून बघतात. गवत दाट आणि सारखं कापलेलं असेल तर निम्मं काम तिथंच होतं.

गवत कापायचं काम आमच्या ह्यांचं. यांची सगळी नोकरी बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर हे लॉन काढलं आणि गवत कापायचं पेट्रोलचं मशीन स्वतः जाऊन निवडून आणलं. त्याला कुणी हात लावलेला यांना खपायचा नाही.

मग मागच्या उन्हाळ्यात यांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात आणि पाय अधू झाले आणि बोलणं गेलं. अगदीच गेलं असं नाही, पण मनातला शब्द ओठावर येईना, भलताच येई. पाणी हवं असलं की "कंदील" म्हणायचे. दुसऱ्या दिवशी त्याच पाण्याला "शाळा" म्हणायचे. समजत सगळं होतं, चुकीचा शब्द निघाला हेही समजायचं, आणि मग मान खाली घालून गप्प व्हायचे. हळूहळू लोक यांना काही विचारेनासे झाले. समोर बसलेले असले तरी "काकांची तब्येत कशी आहे?" हे मला विचारायचे.

मशीन मी हातात घेतलं. ते सुरू करायची दोरी ओढून ओढून खांदा दुखायचा, पण जमायला लागलं होतं. हे कडेला खुर्ची टाकून बघत बसायचे.

एका लग्नानंतर मंडपवाल्यांनी लोखंडी खुंटी गवतातच ठेवली. मला ती दिसली नाही. खाडकन आवाज झाला, मशीन जागच्या जागी बंद पडलं. मी खुंटी काढून बाजूला फेकली आणि पुन्हा दोरी ओढली, तर ती उलटी अशी हिसडली की बोटं सोलून निघाली. परत ओढली, परत तेच. मशीन काही सुरू होईना.

तेवढ्यात मागून यांचा आवाज आला. "की."

मी वळून बघितलं. हे खुर्चीतून अर्धे उठले होते. "की… की."

आमच्याकडे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'की' असतो. ये की, बस की, जेव की. मला वाटलं, वाक्याचं शेपूट तेवढं बाहेर आलंय, आधीचं सगळं आत अडकलंय. मी म्हटलं, "काय म्हणताय? सोड की? राहू दे की?" यांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

शनिवारी लेक पुण्याहून आली. तिनं माझी बोटं बघितली, खांदा बघितला आणि म्हणाली, "आई, बस झालं आता. नवीन घेऊ. बॅटरीवर चालणारं मिळतं, बटण दाबलं की सुरू. हे जुनं धूड कशाला ओढत बसतेस?"

तिचं काही चूक नव्हतं. आमच्या ओळखीचा मिस्त्री येऊन वरवर बघून गेला होता, त्याचंही मत तेच होतं. "काकू, असा दणका बसला की आतला दांडा वाकतो. मग ह्यात काय राम न्हाय. नवीन घ्या."

लेक फोनवर नवीन मशीनची चित्रं दाखवायला लागली. तेवढ्यात यांनी माझ्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा डाव्या हातानं ओढून काढला, पाय ओढत मशीनपाशी गेले आणि जुडगा मशीनच्या वरच्या गोल झाकणावर आपटला. "की!"

"अप्पा, शेडला कुलूप लावायचंय का?" लेकीनं विचारलं.

हे चिडले. जुडगा पुन्हा आपटला.

लेक हळूच मला म्हणाली, "अगं, काहीही येतं त्यांच्या तोंडात. तू त्रास करून घेऊ नकोस." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

रविवारी सकाळी चहा ठेवताना माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. झटक्यानंतर यांचा चुकीचा शब्द कधीच टिकत नसे. आज कंदील, उद्या शाळा. पण मशीन बंद पडल्यापासून हा एकच शब्द होता, आणि जुडगा आपटायची जागाही एकच होती. अर्थ मला तेव्हाही कळला नव्हता. पण ज्या माणसाचा एकही शब्द थाऱ्यावर राहत नाही, तो जर एकाच शब्दाला धरून बसलाय, तर त्याच्यामागं काहीतरी असणार.

मी गॅस बारीक केला आणि लेकीला सांगितलं, "मशीन आधी उघडायचं. उघडल्यावर नवीन घ्यायचं ठरलं तर घेऊ. पण न उघडता नाही."

"आई, मिस्त्रीनं सांगितलंय ना?"

"मिस्त्रीनं उघडलेलं नाही. आणि तुझे अप्पा काहीतरी सांगतायत."

सोमवारी लेक परत गेली आणि मी मशीन छोट्या टेम्पोत घालून मिस्त्रीच्या दुकानात नेलं. यांनाही बरोबर घेतलं. दुकानात फवारणीचे पंप, गवत कापायची यंत्रं, पाण्याच्या मोटरी यांची गर्दी होती. मिस्त्री कामात होता. म्हणाला, "काकू, उगं कशाला? उघडायची मजुरी तुमच्याच डोक्यावर बसंल की."

"बसू दे. ते हात ठेवतील तिथं उघडा."

"आज लई काम हाय."

"आम्ही बसतो."

आणि बसलो. यांना स्टूल दिलं, मी पायरीवर बसले. दोन-तीन गिऱ्हाइकं येऊन गेली, मी हलले नाही. शेवटी मिस्त्रीनं पाना उचलला. यांनी गोल झाकणावर डावा हात ठेवला. झाकण निघालं, आत जड लोखंडी चाक होतं. ते ओढून काढायला वेगळं हत्यार लागलं. चाक निघालं तसं मिस्त्री वाकला, चिमट्यानं दांड्याच्या खाचेतून धातूचा एक बारका तुकडा काढला आणि हसायलाच लागला.

"आयला! काका, की तुटलीय की!"

मला काही कळेना. त्यानं समजावून सांगितलं. चाक दांड्यावर फिरू नये म्हणून त्या खाचेत मऊ धातूची एक छोटी पट्टी बसवतात, तिला कामगार लोक इंग्रजीतून 'की' म्हणतात. ती तुटली की चाक जागचं सरकतं, ठिणगी नको त्या वेळी पडते आणि दोरी उलटी हिसडते.

म्हणजे हे पहिल्या दिवसापासून बरोबर शब्द सांगत होते. आम्हीच त्याच्याआधीचं वाक्य शोधत बसलो होतो, आणि यांनी किल्ली दाखवली तर कुलूप शोधत बसलो.

मी यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत नव्हते, त्या तुकड्याकडे बघत होते. मी उठून यांच्या पाठीवर हात ठेवला, दुकानात चार माणसं होती तरी ठेवला.

मिस्त्रीनं मशीन आडवं करून पातं हातानं सावकाश फिरवलं आणि त्याचा मधला बोल्ट डगमगतो का ते निरखून बघितलं. डगमगला नाही, म्हणजे दांडा सरळ होता. तशी की मात्र दुकानात नव्हती. "मागवावी लागंल. नायतर लोखंडाची घासून बसवतो, आत्ताच घेऊन जा," तो म्हणाला.

यांनी डाव्या हातानं त्याचं मनगट धरलं. "नाही."

इतकं स्वच्छ 'नाही' मी कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. मिस्त्रीनं मान डोलावली. "बरोबर हाय काकांचं. लोखंडाची तुटणार न्हाय, पुढच्या दणक्याला दांडाच जाईल. मागवतो."

की यायला आठवडा लागला. मधे एक साखरपुडा होता. लेक फोनवर म्हणाली, "आता काय करणार?" मी विळा घेऊन स्टेजपुढचं गवत बसून कापलं. सारखं नाही झालं, पण सतरंजी टाकली आणि वेळ निभावून नेली. नवीन मशीन मागवायचा विचार त्या दिवशी पाठ मोडली होती तेव्हा आला, खोटं कशाला बोलू. पण आला तसा गेला.

मशीन दुरुस्त होऊन आलं, तेव्हा दोरी मी ओढली. तिसऱ्या ओढीला ते धडधडत सुरू झालं. लेकीला फोन लावला आणि मशीनचा आवाज ऐकवला. ती म्हणाली, "अप्पांना दे." बराच वेळ तीच बोलत होती आणि हे कानाला फोन लावून ऐकत होते. काय बोलली ते मी विचारलं नाही. तेव्हापासून ती फोन केला की आधी यांना मागते, आणि यांना शब्द सापडेपर्यंत थांबते.

मीही एक ठरवलं. बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे जाणं आम्ही काही महिन्यांपूर्वी सोडून दिलं होतं. त्या फळांची, प्राण्यांची चित्रं दाखवायच्या आणि हे खिडकीबाहेर बघत बसायचे. मी पुन्हा वेळ घेतली, आणि या खेपेला पिशवीत यांच्या पेटीतली हत्यारं भरून नेली. बाईंना म्हटलं, "आंबा-केळं राहू द्या. हे विचारून बघा."

बाईंनी टेबलावर पाना ठेवला.

"पाना," हे म्हणाले.

मग जुना प्लग ठेवला. जरा वेळ लागला. "प्लग."

मग पक्कड ठेवली. यांनी ती हातात घेतली, उघडझाप केली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "चप्पल." आम्ही तिघंही हसलो, हे सगळ्यात जास्त. बाई म्हणाल्या, घाई नाही, पुढच्या वेळी बघू.

परत येताना स्टॉपवर बसची वाट बघत उभे होतो. मी पिशवी या हातातून त्या हातात घेत होते. यांनी माझ्या दंडाला धरलं, माझं लक्ष आहे ना याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "पक्कड."