फणसाला दिलेलं कोड

कोळवणच्या खोऱ्यात थंडीच्या सकाळी धुकं इतकं दाट उतरतं की भाताची खाचरं, बांध, माणसं सगळीच अधांतरी तरंगतायत असं वाटतं. तसल्या धुक्यात तुळजाबाई तांब्या घेऊन परसातल्या फणसापाशी उभी राहायची. मुळाशी पाणी ओतायची आणि काहीतरी पुटपुटायची. घरच्यांना वाटायचं, म्हातारी देव देव करतेय. ती झाडाची माफी मागत होती.

गोष्ट जुनी. मुलगा जयसिंग पोटात होता तेव्हा तिच्या डाव्या हाताच्या पाठीवर पांढरा डाग उठला. सासू हबकली. तिनं कुठूनसा एक वैदू धरून आणला. त्यानं हाताला बावचीचा लेप लावला, तोच पुसून फणसाच्या बुंध्याला फासला आणि म्हणाला, झाडाला दिलं की माणसाचं जातं. माणसाचं काही गेलं नाही, वैदू मात्र कोंबडी घेऊन गेला. पण वर्षभरानं तुळजाबाईनं पाहिलं, तर काळपट सालीवर नेमका तिथंच एक पांढुरका गोल डाग होता. पुढं तिचा डाग मनगट ओलांडून कोपराकडे सरकला, आणि झाडाचाही हळूहळू पसरत गेला.

कोड शिवल्यानं लागत नाही, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला बजावून सांगितलं होतं. तिनं मान डोलावली. पण हातच्या कांकणाला आरसा कशाला? झाडाला लागलेलं ती रोज डोळ्यांनी बघत होती. जे झाडाला लागलं ते लेकराला सोडेल होय? म्हणून जयसिंगला पाजताना ती डाव्या हाताला फडकं गुंडाळायची. एरवी त्याला झोळीत टाकून लांबून दोरी ओढायची. जयसिंगची लेक वैष्णवी जन्मली तेव्हाही दोरीच, घ्यायचीच वेळ आली तर फडकं. म्हातारीला माया कमी, असं भावकी म्हणायची. भावकीचं काय, तिला जीभ उचलून टाळ्याला लावायला पैसे पडत नाहीत.

झोपेत तिला फणस दिसायचा. धुक्यातून बांधाबांधानं चालत यायचा, त्याच्या फांदीवर कुणाचं तरी तान्हं बाळ असायचं. तो ते तिच्यापुढं धरायचा आणि ती दोन्ही हात पदराखाली लपवायची. जाग यायची तेव्हा उशी ओली असायची.

यंदा वैष्णवी बाळंतपणाला माहेरी आली. बाळ दीड महिन्याचं झालं, तरी आजी आपली दोरीपाशीच. त्याच दिवसांत बावधनची स्नेहल नावाची मुलगी आली. कॉलेजात ती झाडांच्या सालींवर काय काय वाढतं ते शिकत होती. जयसिंगला विचारून ती परसात शिरली आणि भिंग लावून फणसाचा डाग निरखायला लागली. तुळजाबाई लगबगीनं तिच्यापाशी आली. वाटलं, आता हिला सगळं कळणार. त्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं.

"माज्यामुळं लागलंय त्याला," ती म्हणाली आणि पदराखालचा डावा हात पुढं केला.

स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं, हसली नाही. मग म्हणाली, "आजी, हे कोड नाही. हा डाग झाडाचा नाहीच. सालीवर वेगळाच जीव राहतोय, बुरशी आणि शेवाळ एकत्र. झाडाला त्याचा काही त्रास नाही."

तिनं बाटलीतलं थोडं पाणी डागावर सोडलं. पांढुरक्या डागातून हळूहळू हिरवा रंग वर आला. पावसाळ्यात सगळं झाडच हिरवं असतं, त्यात डाग कोण शोधत बसतो? तुळजाबाईनं हे कधी पाहिलंच नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आपला हात बाटलीखाली धरला. "ह्याच्यावर बी घाल."

पाणी हातावरून ओघळून गेलं. पांढरं ते पांढरंच राहिलं.

"म्हंजी माजं ह्याला लागलंच न्हाई?"

"नाही आजी. ते आधीपासूनच तिथं असेल."

बोलाफुलाला गाठ पडली होती, एवढंच. तुळजाबाईला आधी झाडाचाच राग आला. इतकी वर्षं माफी ऐकून घेतली, एका शब्दानं बोललं नाही! मग तिला हलकं वाटलं, आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. हलकं वाटण्यापेक्षा ते रडू मोठं होतं.

ती घरात आली तेव्हा वैष्णवी बाळाला थोपटत होती. "हितं दे," तुळजाबाई म्हणाली. वैष्णवीला आधी कळेना. मग सवयीनं तिनं खुंटीवरचं फडकं काढून पुढं केलं.

"ते ऱ्हाऊ दे."

बाळ मांडीवर आलं. उघड्या हाताखाली त्याची पाठ ऊन-ऊन लागत होती. धुकं दारापर्यंत आलं होतं आणि उंबऱ्यात जयसिंग उभा होता. मिशा पिकलेला, आजोबा झालेला बाप्या. तो आईच्या हाताकडं बघत होता. पुढं यावं की नाही हे त्याला उमजत नव्हतं.

तुळजाबाईनं मान वर केली.

"तू बी ये, बाळा. तुजं ऱ्हायलंय."

तो येऊन तिच्यापाशी खाली बसला. तिनं डावा हात त्याच्या गालावर ठेवला.